ग्रोशियसचा चौक

डेल्फ्टचा मार्क्ट पाहायचा तर गुरुवारी. हेग आणि रॉटरडॅम यांच्या मधलं हे छोटं शहर. स्टेशनवर उतरून कालव्यांच्या कडेकडेने चालत गेलं की अरुंद गल्ली अचानक संपते आणि हा लांबट, दगडी फरसबंदीचा ऐसपैस चौक समोर येतो. गुरुवारी तिथे आठवडे बाजार असतो. बैलगाडीच्या चाकांची आठवण यावी असे चीजचे पिवळे गोळे रचलेले असतात, शेजारी कापडचोपड, आणि मासळीच्या गाड्यावर खारवलेला हेरिंग. तो शिजवत नाहीत, वर बारीक चिरलेला कांदा घालून तसाच खातात. मालवणी जिभेला हे मिळमिळीत प्रकरण वाटेल, पण एकदा खाऊन पाहायला हरकत नाही. टेक्निकल युनिव्हर्सिटी गावातच आहे, त्यामुळे या गर्दीत मागून कुणी मराठीत भाव-बिव बोलताना ऐकू आलं तरी दचकू नये.

चौकाच्या पश्चिमेला नगरभवन, पूर्वेला निउवे केर्क म्हणजे नवं चर्च. 'नवं' अशासाठी की गावात त्याहून जुनं चर्च आहे. याचाही मनोरा १४९६ साली पुरा झालेला. मनोऱ्याची उंची १०८ मीटरांहून थोडी जास्त, नेदरलँड्समध्ये उत्रेख्तच्या मनोऱ्याखालोखाल. पावणेचारशे पायऱ्या चढायची तयारी असेल तर वर जाता येतं. समोरचं नगरभवन १६१८ साली जळालं. हेंड्रिक द केयसर या वास्तुकाराने दोन वर्षांत ते नव्याने उभं केलं, पण मधला जुना दगडी बुरूज पाडला नाही, इमारतच त्याच्याभोवती बांधली. म्हणून लाल झडपांच्या देखण्या दर्शनी भागामागून तो करडा, ओबडधोबड बुरूज डोकं वर काढतो.

या बुरुजात कैदी ठेवत. त्यांतला सर्वांत कुप्रसिद्ध म्हणजे बाल्टासार जेरार. स्पेनविरुद्धच्या बंडाचा पुढारी विल्यम ऑफ ऑरेंज याला त्याने १० जुलै १५८४ रोजी जवळच्याच प्रिन्सेनहोफ या त्याच्या राहत्या वाड्यात गोळ्या घातल्या. चौथ्या दिवशी याच चौकात त्याला मारलं. ज्या क्रमाने मारलं ते वाचवत नाही, इथे सांगतही नाही.

विल्यमच्या घराण्याची दफनभूमी ब्रेडा गावात होती, पण ब्रेडा तेव्हा स्पेनच्या ताब्यात. म्हणून त्याला निउवे केर्कमध्ये पुरलं, आणि तेव्हापासून डच राजघराण्याची तीच जागा झाली. २००४ साली राणी युलियानाला इथेच आणलं. समाधीही द केयसरचीच. त्याच्या पश्चात ती मुलाने पुरी केली. काळ्या-पांढऱ्या संगमरवरात विल्यम निजलेला आहे, पायाशी कुत्रा. धनी गेल्यावर त्याने अन्नपाणी सोडलं, अशी आख्यायिका. लोक कुत्र्यापाशी रेंगाळतात. मी म्हणेन मागच्या बाजूला जावं. तिथे पंख पसरलेली कीर्तिदेवतेची ब्राँझची मूर्ती आहे. तिचा अख्खा भार एका पावलाच्या टोकावर तोललेला. टाचेखाली आधार शोधत आपण वाकतो, आणि तो नसतो.

व्हर्मीरसाठी येणाऱ्यांनी मात्र मन घट्ट करावं. त्याचं एकही चित्र डेल्फ्टमध्ये नाही. वडिलांची खानावळ याच चौकावर होती, ती १८८५ मध्ये पाडली. ३१ ऑक्टोबर १६३२ ला निउवे केर्कमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि चारच दिवसांनी त्याच चर्चमध्ये लेवेनहुकचा. हा कापडाचा व्यापारी पुढे नगरभवनात दालनांची देखभाल करण्याच्या नोकरीला लागला, आणि फावल्या वेळात स्वतः घासलेल्या भिंगांतून त्याने सूक्ष्मजीव पाहिले. कर्जबाजारी होऊन मेलेल्या व्हर्मीरच्या मालमत्तेवर गावाने देखरेखीला नेमला तोही लेवेनहुकच.

पण या चौकाचा खरा धनी, माझ्या मते, राजपुत्रही नव्हे आणि चित्रकारही नव्हे. चर्चकडे पाठ करून उभा असलेला १८८६ सालचा पुतळा आहे, तो ह्युगो ग्रोशियसचा. लोक त्याच्या चौथऱ्याला सायकली टेकवून चीज आणायला जातात.

१६०३ साली डच कप्तान हेमस्केर्कने सिंगापूरजवळ 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज जहाज पकडलं. आत रेशीम आणि चिनी मातीची भांडी खच्चून भरलेली. पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमला लिलाव झाला तेव्हा निळ्या-पांढऱ्या भांड्यांनी युरोपातल्या श्रीमंतांना वेडच लावलं. ही लूट कायदेशीर की चाचेगिरी, असा प्रश्न निघाला आणि डच ईस्ट इंडिया कंपनीने वकील गाठला तो विशीतला ग्रोशियस. त्याच्या प्रदीर्घ लिखाणातलं एक प्रकरण १६०९ मध्ये लेखकाच्या नावाविना 'मारे लिबेरुम' (मुक्त समुद्र) म्हणून छापलं गेलं. युक्तिवाद असा, की समुद्र हवेसारखा, त्याच्यावर कुणाची मालकी नाही. पूर्वेचा दर्या आपला हे पोर्तुगीजांचं म्हणणं पोकळ आहे. आजचा आंतरराष्ट्रीय सागरी कायदा आपलं मूळ तिथवर नेतो. अशिलाच्या फायद्यासाठी लिहिलेला मजकूर अशिलापेक्षा मोठा झाला, असं क्वचित घडतं.

अशिलाने मात्र तो सोयीपुरताच मानला. लवंग-जायफळाची बेटं हाती येताच कंपनीने तिथे इतरांना मज्जाव केला, आणि १६२१ मध्ये जायफळासाठी बांदा बेटांवर कत्तल केली. त्याआधी १६१३ साली ग्रोशियस स्वतः कंपनीची बाजू मांडायला लंडनला गेला, तेव्हा इंग्रजांनी त्याचंच पुस्तक काढून त्याच्यापुढे धरलं. आपल्या किनाऱ्यानेही हे पाहिलं आहे. १६३६ पासून काही वर्षं डच आरमार गोव्याची नाकेबंदी करत होतं, आणि त्याच काळात, १६३७ मध्ये, आदिलशाही मुलखात वेंगुर्ल्याला डचांची वखार बसली. तिचे अवशेष आजही उभे आहेत. मुक्त समुद्राचे पुरस्कर्ते मांडवीच्या तोंडाशी पहारा देत होते!

चौकाभोवतीच्या दुकानांतून ओसंडणारी निळी भांडी हीसुद्धा त्याच व्यापाराची संतती. १७व्या शतकाच्या मध्याला चीनमधल्या युद्धांमुळे तिकडचा माल आटला. डेल्फ्टमध्ये बिअरचा धंदा बसल्याने भट्टीघरं ओस पडली होती. तिथे कुंभार शिरले. चिनी मातीसारखी पांढरी माती त्यांच्याकडे नव्हती, म्हणून साध्या मातीवर कथलाची पांढरी झिलई देऊन वर निळं रंगवायचं. नक्कल खरी, पण नक्कल करता करता बोटीवरचे चिनी गृहस्थ जाऊन पवनचक्क्या आल्या. भांडी विकत घ्यायची असतील तर बशी उलटी करून खालची खूण पाहावी. हाताने रंगवलेली महाग असते, छापील स्वस्त.

ग्रोशियसचं पुढे राजकारणात फसलं. धर्मवादात चुकीच्या बाजूला सापडून त्याला जन्मठेप झाली, लूव्हेस्टाइनच्या गढीत. कैद्याला पुस्तकांची ये-जा मंजूर होती. १६२१ च्या मार्चमध्ये बायको मारिया हिने पेटीत पुस्तकांऐवजी नवऱ्यालाच घातलं आणि पहारेकऱ्यांनी ती उचलून बाहेर नेली. पुढे तो स्वीडनचा राजदूत झाला. १६४५ मध्ये स्वीडनहून परतताना त्याचं जहाज वादळात फुटलं. कसाबसा किनाऱ्याला लागला आणि रोस्टॉकला वारला. कबर निउवे केर्कमध्ये, स्वतःच्या पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर.

ती पेटी? ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम म्हणतं ती आमच्याकडे, डेल्फ्टचं प्रिन्सेनहोफ संग्रहालय म्हणतं आमच्याकडे, आणि लूव्हेस्टाइनलाही एक आहे.