शून्याची पत

वापरलेली हार्ड डिस्क विकत घेणाऱ्याला एके काळी स्वतःच्या कानाखेरीज दुसरे साधन नसे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, ज्याचे दप्तरी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी संगणकाचे सुटे भाग धुंडाळणाऱ्याच्या तोंडी ते क्वचितच येते, दुकानदार डिस्कला वीज जोडून देई आणि गिऱ्हाईक वैद्याने नाडी पाहावी तशा एकाग्रतेने तिची घरघर ऐके; आवाज एकसुरी असला तर सौदा पटे, ठरावीक अंतराने टक् टक् असा ठोका आला तर ती मुकाट्याने परत केली जाई. वयाचा दाखला म्हणाल तर लेबलावर छापलेली तारीख. परंतु त्या तारखेपासून डिस्क कपाटात पडून होती की अहोरात्र राबत होती, हे सांगणारा साक्षीदार कोणी नव्हता.

प्रारंभी अशा साक्षीदाराची गरजच भासली नाही. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक यंत्राबरोबर पहिली हार्ड डिस्क व्यवहारात आणली, तेव्हा चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. ते अवाढव्य प्रकरण भाड्याने दिले जाई आणि त्याच्या प्रकृतीची काळजी मालक कंपनीच वाही. १९८० मध्ये सीगेटने सव्वापाच इंची, पाच मेगाबाइटची डिस्क काढली, आणि पुढे वैयक्तिक संगणकाबरोबर ही वस्तू घरोघरी पोहोचून या हातातून त्या हातात जाऊ लागली, तेव्हा कुठे तिच्या वयाची चौकशी हा व्यवहाराचा विषय झाला.

त्या चौकशीला उत्तर देण्याची सोय डिस्कच्या पोटातच व्हावी, ही कल्पना गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातील. १९९२ च्या सुमारास आयबीएमने आणि १९९५ मध्ये कॉम्पॅकने या दिशेने पावले टाकली, आणि त्यातून 'स्मार्ट' नावाची सर्वमान्य पद्धत रूढ झाली. डिस्क स्वतःच स्वतःची रोजकीर्द लिहू लागली. नवव्या कलमात ती किती तास चालू होती याची नोंद. वर्षाचे तास ८,७६० असल्याने २६,००० हा आकडा दिसला की सुमारे तीन वर्षांची अखंड चाकरी समजावी. पाचव्या कलमात, खराब झाल्यामुळे ज्यांचे काम राखीव जागेकडे सोपवावे लागले अशा सेक्टरांची संख्या. आणि १९७ व्या कलमात, जे नीट वाचता आले नाहीत व ज्यांचा निकाल अद्याप लागायचा आहे असे संशयित सेक्टर. भौतिकशास्त्रज्ञ ब्रूस ॲलन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या स्मार्टमॉनटूल्समुळे ही कीर्द कोणालाही फुकट उघडून वाचता येऊ लागली, आणि गिऱ्हाइकाचा कान हळूहळू निवृत्त झाला. पाचव्या आणि १९७ व्या कलमांत शून्य म्हणजे निरोगी, नवव्यात शून्य म्हणजे कोरी करकरीत, असा हिशेब सर्वांच्या मनात पक्का बसला.

या शून्याला पहिला धक्का २००७ मध्ये बसला. गूगलच्या संशोधकांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली वाचनत्रुटी आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याचा संभव ३९ पटींनी वाढतो, हे त्यात दिसले, म्हणजे कीर्दीत वाईट लिहिले असेल तर त्यावर विश्वास ठेवणे रास्त ठरले. परंतु निकामी झालेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या कीर्दीत, तपमान वगळता, अखेरपर्यंत एकही दोष नोंदलेला नव्हता. हृदयविकाराने अकस्मात गेलेल्या माणसाच्या घरी आजारपणाचे कागद सापडू नयेत, तसेच हे.

दुसरा धक्का अधिक लाजिरवाणा होता, कारण तो यंत्राच्या मर्यादेतून नव्हे, माणसाच्या लबाडीतून आला. २०२५ च्या आरंभी जर्मनीत उघडकीस आले की, नव्या म्हणून विकलेल्या सीगेटच्या अनेक डिस्क वस्तुतः हजारो तास राबलेल्या होत्या आणि त्यांच्या स्मार्ट-कीर्दीतील तास पुसून शून्यावर आणले होते. कंपनीच्या डिस्कमध्ये 'फार्म' नावाचे दुसरे, अधिक खोलवरचे दप्तर असते. फेरफार करणाऱ्यांचा हात तिथवर पोहोचला नव्हता, आणि त्यात काहींचे खरे वय १५,००० पासून ५०,००० तासांपर्यंत निघाले. ज्या शून्यासाठी गिऱ्हाईक चार पैसे अधिक मोजत होते, तेच शून्य बनावट दस्तऐवज ठरले.

तेव्हापासून सेकंडहँड डिस्क पाहताना माझी रीत उलटी झाली आहे. तासांच्या रकान्यात शून्य दिसले की मी आधी स्क्रूंच्या माथ्यांवरचे ओरखडे आणि जोडणीच्या पट्टीवरची झीज पाहतो. याउलट ३१,००० तासांची, पाचव्या व १९७ व्या कलमांत शून्य असलेली, आणि कित्येक तास चालणारी दीर्घ चाचणी विक्रेत्याने स्वतःहून करून दाखवलेली डिस्क मी अलीकडेच तिच्या वयाला साजेशा किमतीत घेतली. ती उद्या बंद पडणार नाही असा हवाला कोणतीही कीर्द देऊ शकत नाही. पण तिने आपले वय लपवलेले नाही, एवढे मला ठाऊक आहे, आणि कोणता ऐवज तिच्या स्वाधीन करावा व कोणता करू नये हे ठरवण्यास तेवढे पुरेसे आहे.