रुळांना गंज लागतो. लागतोच!

‘रेल्वेच्या रुळांना गंज का लागत नाही?’ हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी माझ्या फोनवर येऊन पडतो, तोही उत्तरासकट. रूळ म्हणे खास मँगनीज स्टीलचे असतात. पाठवणाऱ्याला मी दरवेळी एकच विचारतो: बाबा रे, शेवटचा रूळ कधी पाहिलास? फलाटाच्या टोकाला जा आणि खाली बघ. माथ्यावरची दोन-तीन बोटं रुंद पट्टी तेवढी चकाकते. बाकी सगळा रूळ विटकरी-तपकिरी. तो रंग नव्हे, गंज आहे.

आता त्या मँगनीजबद्दल. पोलाद गंजू नये म्हणून त्यात क्रोमियम लागतं, साधारण साडेदहा टक्क्यांपासून पुढे. रुळात ते त्या प्रमाणात नसतं. भारतीय रेल्वेच्या ८८० ग्रेडच्या रुळात कार्बन ०.६ ते ०.८ टक्के आणि मँगनीज ०.८ ते १.३ टक्के, आणि तेही ताकदीसाठी, झीज कमी व्हावी म्हणून. बारा-चौदा टक्के मँगनीजचं पोलादही रेल्वेत वापरतात, पण ते सांध्यांजवळच्या क्रॉसिंगमध्ये, जिथे चाकांचे दणके बसतात. रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ मध्ये शोधलेलं हे पोलाद दणके खाऊन आणखी कठीण होतं. गंजतं मात्र तेही!

मग माथा का चकाकतो? चाकं घासतात म्हणून, दुसरं काही नाही. गाड्या थांबल्या आणि एक पाऊस पडला की तोही तांबूस होतो. क्वचित वापरातल्या सायडिंगचा रूळ पाहा.

ही तांबूस साय रेल्वेला खरोखर नडते. ट्रॅक सर्किट असतं तिथे दोन्ही रुळांतून बारीकसा वीजप्रवाह खेळत असतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस मिळून दोन रूळ जोडले जातात, रिले पडतो आणि सिग्नलला कळतं की मार्गावर गाडी आहे. माथ्यावर गंज साचला तर हा जोड नीट होत नाही आणि उभी गाडी यंत्रणेला दिसतच नाही. यावर तोड म्हणून ब्रिटनमध्ये काही ठिकाणी रुळाच्या माथ्यावर स्टेनलेस स्टीलची नागमोडी रेघ वेल्ड करतात. मुळात रूळच गंजत नसते, तर हा उपद्व्याप कोण कशाला करील?

भारतीय रेल्वेच्या परमनंट वे मॅन्युअलमध्येही (रूळमार्गाच्या नियमपुस्तिकेत) गंजप्रवण भागांत रुळांना संरक्षक रंग लावण्याच्या सूचना आहेत. समुद्रकाठ, दमट बोगदे, फलाटालगतचे मार्ग हे असे भाग. सगळ्यात वाईट अवस्था रुळाच्या तळाची, क्लिपखालच्या पट्टीच्या (लायनरच्या) खाली, जिथे पाणी अडून राहतं. डब्यांतल्या उघड्या शौचालयांनी तिथे किती नासधूस केली, हे ट्रॅकमनना विचारा. बायो-टॉयलेट आली त्यामागे स्वच्छतेबरोबर हेही एक कारण होतं.

आणखी दोन गैरसमज उभ्याउभ्या निकालात काढतो. रुळावर नाणं ठेवल्याने गाडी घसरत नाही, नाण्याचा पापड होतो. (पण ठेवू नका. गाडीला काही होणार नाही, तुम्हाला होईल.) आणि फटी न ठेवता वेल्ड केलेले लांब रूळ उन्हाळ्यात आपोआप वाकत नाहीत. स्लीपर आणि खडी त्यांना घट्ट धरून ठेवतात, ताण रुळाच्या आतच राहतो. वाकतात ते ही पकड ढिली पडली की.

गंजाचं हे सगळं मॉडेल रेल्वे करणाऱ्यांनी तर पक्कं ध्यानात ठेवावं. आपले छोटे रूळ बहुधा निकेल सिल्व्हरचे असतात. त्यात चांदी औषधालाही नाही, तांबं, निकेल आणि जस्त असतं. ते तांबूस गंजत नाहीत, म्हणून हौशी मंडळी ते तसेच चकचकीत ठेवतात आणि बाकीचं स्टेशन कितीही हुबेहूब केलं तरी सगळी मांडणी खेळण्यासारखी दिसते. रुळाच्या दोन्ही बाजूंना मॅट तपकिरी रंग द्या. माथ्यावर लागलेला रंग वाळायच्या आत पुसून काढा, कारण इंजिनाला वीज तिथूनच मिळते.