कोकमाचं रोप नर की मादी, आणि ‘एक झाड’ म्हणजे नक्की किती?

कोकमाची बाग लावायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे रातांबा फोडायचा, बिया धुवायच्या आणि पिशवीत पेरायच्या. बी ताजं असेल तर उगवतं. वाळवून डबीत भरून पुढच्या वर्षासाठी ठेवलं तर बहुधा उगवत नाही. गहू-ज्वारीचं बी कोरडं होऊन झोपी जातं, कोकमाच्या बीला ते जमत नाही. आतला ओलावा गेला की जीवही जातो. म्हणून रातांबे निघतात त्याच हंगामात पेरणी. इथपर्यंत सगळं सोपं आहे. अडचण येते ती साधारण सात वर्षांनी.

कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. (काही झाडांवर उभयलिंगी फुलंही नोंदली गेली आहेत, पण आत्ता तो गुंता बाजूला ठेवू.) बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, निम्मी मादी. नराला रातांबे लागत नाहीत. आणि रोप बघून, पान बघून, खोड बघून काहीच कळत नाही. पहिलं फूल येईपर्यंत थांबावं लागतं. बियांच्या रोपाला फूल-फळ यायला सात-आठ वर्षं लागतात. तोवर खत, पाणी, बेणणी, गुरांपासून राखण, सगळं दोघांनाही सारखंच.

आता पीएचडी चार-पाच वर्षांची. म्हणजे पहिल्या वर्षी पेरलेलं बी नर आहे की मादी, हे तुमचा व्हायवा होऊन गेल्यावर कळणार. फळझाडांवर काम करायचं ठरवणाऱ्या प्रत्येकाने सिनॉप्सिस लिहिण्याआधी हे गणित मांडावं, म्हणून हा लेख कोकमावर. आंबा, फणस, जायफळ कशावरही काम करणार असाल तरी प्रश्न तेच राहतील.

आधी शेतकऱ्याच्या बाजूने बघू. समजा एकाने परसात दहा रोपं लावली. निम्मी-निम्मी म्हणजे पाच नर, पाच मादी असं आपण सहज बोलून जातो. पण हे नाणं दहा वेळा उडवण्यासारखं आहे. दहापैकी सात किंवा जास्त नर निघण्याची शक्यता 1024 पैकी 176, म्हणजे सुमारे 17 टक्के. अशी दहा-दहा रोपं लावणाऱ्या साधारण सहा घरांपैकी एका घरी सात वर्षांनी जेमतेम तीन किंवा त्याहूनही कमी झाडं फळतील. तो माणूस म्हणणार, नर्सरीवाल्याने फसवलं. नर्सरीवाल्याने काहीच केलेलं नसतं. लहान संख्येत असं होतंच, आणि संशोधनात आपणही नेमके याच ठिकाणी फसतो: वीस रोपांत बारा नर, आठ मादी दिसले की ‘नरांचं प्रमाण जास्त आढळलं’ असं वाक्य लिहायचा मोह होतो. काय-स्क्वेअर काढून बघा. प्रत्येकी 10 अपेक्षित, फरक 2 चा, उत्तर येतं 0.8. पाच टक्के पातळीला 3.84 च्या वर जावं लागतं. म्हणजे या आकड्यांवरून काहीच म्हणता येत नाही. तेच प्रमाण 200 रोपांत, 120 विरुद्ध 80 आलं, तर उत्तर 8 येतं आणि मग बोलायला जागा आहे.

यावर जुना उपाय म्हणजे एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावायची आणि फुलं आल्यावर जादा नर काढून टाकायचे. दोन रोपं लावली तर खड्ड्यात निदान एक मादी असण्याची शक्यता 75 टक्के, तीन लावली तर 87.5. गंमत अशी की शंभर खड्ड्यांत तीन-तीन लावली तर साधारण बारा-तेरा खड्डे पूर्ण नरांचे निघतील, आणि परागीभवनासाठी बागेत सुमारे दहा टक्के नर ठेवा असाच सल्ला दिला जातो. त्यामुळे तेही वाया जात नाहीत. फक्त तीनशे रोपं सात वर्षं पोसायची तयारी हवी.

म्हणून कलम. मादी झाडाची काडी घेऊन खुंटरोपावर बांधली की मादीच मिळणार, आणि फळ चार-पाच वर्षांत सुरू होतं. कोकमात मृदुकाष्ठ कलम चालतं: साधारण पेन्सिलीच्या जाडीचं खुंटरोप, त्याचा शेंडा छाटून मधोमध उभी चीर, तेवढ्याच जाडीच्या काडीला पाचरीचा आकार, चिरेत बसवून पॉलिथीनच्या पट्टीने आवळून बांधायचं आणि सावलीत ठेवायचं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 1997 मध्ये दिलेली ‘कोकण अमृता’ ही जात शेतकऱ्यापर्यंत पोहोचते ती कलमानेच. ही जात पावसाआधी तयार होते. रातांबे पावसात सापडले की आमसुलं वाळवायची कशी, हा कोकणातला दरवर्षीचा प्रश्न असल्यामुळे या गुणाला किंमत आहे.

मग सगळा प्रश्न सुटला का? नाही, आणि इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो.

कोकमाचं झाड नीट बघा. मधलं खोड सरळ वर जातं आणि त्याला आडव्या, खाली झुकलेल्या फांद्या असतात. दुरून शंकूसारखं दिसतं. या दोन प्रकारच्या फांद्यांचे ‘स्वभाव’ पक्के असतात. वर जाणाऱ्या फुटव्याची काडी घेतली तर कलम सरळ वाढून झाड होतं. आडव्या फांदीची काडी घेतली तर कलम लागतं, जगतं, पण वर जायचं नावच घेत नाही. जमिनीलगत पसरत राहतं, काठी लावून बांधावं लागतं. आईपासून तुटली, दुसऱ्याच्या मुळांवर बसली, तरी फांदीला आपण फांदी आहोत हे आठवतं. वनस्पतिशास्त्रात याला टोपोफिसिस म्हणतात. कॉफीतही हेच होतं. कुंडीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकतात त्या अरौकारियाचं तर हे गाजलेलं उदाहरण आहे: बाजूच्या फांदीची छाट लावली तर ती बाजूच्या फांदीसारखीच आडवी वाढते. जायफळाच्या कलमांतही तीच कथा, आणि जायफळातही नर-मादी वेगळे.

आता संशोधक म्हणून विचार करा. तुमची ट्रीटमेंट आहे कलमाची पद्धत किंवा महिना, आणि तुम्ही मोजताय ‘यशाची टक्केवारी’. तिसाव्या दिवशी फुटवा हिरवा दिसला की यशस्वी. उभ्या काडीचं आणि आडव्या काडीचं कलम, दोन्ही तिसाव्या दिवशी सारखीच हिरवी दिसू शकतात. शेतकऱ्याला मात्र त्यातलं एक झाड म्हणून हवं आहे आणि दुसरं अंगणभर लोळणार आहे. तुमच्या टेबलमध्ये दोघंही ‘यशस्वी’. यश कधी मोजायचं हे आधी ठरवलं नाही तर सोयीच्या दिवशी मोजलं जातं, आणि फेलोशिपचा अहवाल भरायचा दिवस हा नेहमीच सोयीचा दिवस असतो.

आणखी एक पेच आहे. एका झाडावर उभे फुटवे फार थोडे, आडव्या फांद्या भरपूर. मागणी वाढली की काडी काढणाऱ्याचा हात साहजिकच आडव्या फांदीकडे जातो. मातृवृक्षाचा शेंडा छाटून नवीन उभे फुटवे आणण्याचा मार्ग यावर वापरतात. पण मला वाटतं, आडव्या काडीच्या कलमाला सरसकट ‘बिघडलेलं’ म्हणणंही घाईचं आहे. कोकमाचं झाड बरंच उंच होतं, रातांबे काढायला वर चढावं लागतं आणि झाडावर चढणारी माणसं गावात कमी होत चालली आहेत. बुटकं, पसरट, हाताला लागणारं झाड कुणाला नको आहे? किती अंतरावर लावायचं, आधार किती वर्षं द्यायचा, गुंठ्यामागे फळ किती, असा प्रश्न मांडला तर चांगला प्रबंध होईल. आणि तो पीएचडीच्या मुदतीत बसतो, कारण वाढीची दिशा समजायला फुलाची वाट बघावी लागत नाही.

आता शीर्षकातला दुसरा प्रश्न. समजा तुम्हाला असं डीएनए मार्कर शोधायचं आहे ज्याने रोप पिशवीत असतानाच नर-मादी कळेल. पपईत हे शक्य झालं आहे, त्यामुळे कल्पना वेडी नाही. तुम्ही वीस मादी झाडांचं आणि वीस नर झाडांचं पान गोळा करता. मादी झाडं सोयीची म्हणून ‘कोकण अमृता’च्या बागेतून घेता. तर मग तुमच्याकडे वीस माद्या नाहीत. एकच मादी आहे, वीस वेळा मोजलेली. कलमं म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. खुंटरोप वेगळं, पण पान त्या एकाच झाडाचं. त्या एका झाडात असलेली आणि तुमच्या नरांत नसलेली कुठलीही खूण तुम्हाला ‘मादीपणाची खूण’ वाटेल, मग तिचा लिंगाशी काडीचा संबंध नसला तरी. पी-व्हॅल्यू झकास येईल. रानातल्या पहिल्या अनोळखी मादीवर मार्कर आपटेल.

स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये अशा प्रकाराला स्यूडोरेप्लिकेशन, म्हणजे खोटं रेप्लिकेशन, म्हटलं. फळझाडांत तो फार सहज होतो, कारण ‘एक झाड’ हा शब्द आपण तीन अर्थांनी वापरतो: बियांपासून आलेलं स्वतंत्र रोप, एका मातृवृक्षाचं कलम, आणि बागेतला एक खड्डा. तीन मातृवृक्षांपासून साठ कलमं बांधली आणि प्रश्न असा असेल की ‘मातृवृक्षामुळे फरक पडतो का’, तर तुमचा एन तीन आहे, साठ नाही. एकाच मादी झाडाखालून गोळा केलेल्या चाळीस बियासुद्धा पूर्ण स्वतंत्र नाहीत, सगळ्यांची आई एक. शेजारचं भावंड मँगोस्टीन तर आणखी टोकाला: त्याच्यात कामाचे नर जवळपास दिसतच नाहीत, बी फलनाशिवाय तयार होतं, म्हणून बियांची रोपंही आईच्याच प्रती. त्याच गार्सिनिया कुळातलं झाड, तीच पिशवी, तसंच बी, पण मोजण्याचं एकक पार वेगळं.

एक सापळा आणखी सांगतो, कारण तो आकड्यांत लपतो. नर-मादी वेगळे असणाऱ्या अनेक झाडांत नर लवकर वयात येतात. मुद्दा समजण्यासाठी एक काल्पनिक बाग घेऊ: शंभर रोपं, बरोबर पन्नास-पन्नास. सातव्या वर्षी 40 नर फुलले, 20 माद्या फुलल्या, बाकीची 40 अजून गप्प. फुललेल्या साठांवर काय-स्क्वेअर काढला तर 6.67 येतो, म्हणजे ‘नर लक्षणीय जास्त’. आकडेमोड बरोबर, निष्कर्ष साफ चूक. न फुललेली झाडं नोंदीतून वगळली की हे होतं. म्हणून रजिस्टरमध्ये रकाने तीन हवेत: नर, मादी, अजून फुललेलं नाही. तिसऱ्या रकान्याचं काय करायचं हे सर्व्हायवल अॅनालिसिस शिकवतं, पण तो रकानाच नसेल तर कुठलंही सॉफ्टवेअर तो भरून देणार नाही.

नोंदीचं बोलतोच आहे तर, कलमांच्या कामात प्रत्येक पिशवीवर पुसली न जाणारी खूण हवी: मातृवृक्षाचा क्रमांक, काडी उभी की आडवी, झाडाच्या कुठल्या भागातून, कुणी बांधलं, कोणत्या तारखेला. ‘कुणी बांधलं’ हे विसरू नका. एका ट्रीटमेंटची सगळी कलमं मुरलेल्या माळीकाकांनी बांधली आणि दुसरीची नवीन मुलाने, तर तुम्ही पद्धत मोजत नाही, हात मोजताय. दोघांकडून दोन्ही ट्रीटमेंट थोड्या-थोड्या बांधून घ्यायच्या.

आणि जुन्या, रानातल्या झाडांवर काम करणार असाल (मुदतीचा विचार करता तेच शहाणपणाचं) तर लिंग ओळखायला साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या फुलोऱ्याच्या काळातच जा. नर फुलात पुंकेसरांचा दाट गुच्छ दिसतो, मादी फुलात मधोमध फुगीर बीजकोश. भिंगाने बघा आणि तिथल्या तिथे खोडावर रंगाचा पट्टा मारा. मे महिन्यात जाऊन ‘फळ नाही म्हणजे नर’ असं लिहू नका. त्या वर्षी न फळलेली मादीही मे महिन्यात तशीच दिसते. फुलोरा हुकला तर त्या झाडापुढे प्रश्नचिन्ह लिहायचं आणि पुढच्या नोव्हेंबरची वाट बघायची.