वाटेगावच्या शाहिराची मैना

गेल्या आषाढात साताऱ्याहून सांगलीला निघालो होतो. कराड मागे पडले, कासेगाव जवळ आले, तसे शेजारच्या वयस्क गृहस्थांनी खिडकीबाहेर बोट केले. म्हणाले, "इकडं आत वाटेगाव. अण्णा भाऊंचं." आणि लगोलग 'माझी मैना' गुणगुणू लागले!

आता खरे सांगायचे तर ही छक्कड आमच्या घरी कधी कुणी गायिली नाही. आमच्याकडे नाट्यगीते आणि भावगीते. शाहिरी म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातला फेटा! 'मैना' हे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले एक प्रचारगीत, एवढीच माझी समजूत. घरी परतल्यावर मात्र अण्णा भाऊंचे आधीचे पोवाडे आणि ही छक्कड शेजारी शेजारी ठेवून पाहिली.

अण्णा भाऊ साठे १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मले. मातंग समाजातला मुलगा, शाळा जेमतेम एक-दोन दिवसांची. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. लहानपणीच घरच्यांबरोबर पायी चालत त्यांनी मुंबई गाठली. पुढे गिरणीत मजुरी केली. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात ते तयार झाले होते. म्हणून लिहिणे, चाल लावणे आणि उभे राहून गाणे हे त्यांच्यापाशी एकच काम होते. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले.

या काळातला त्यांचा गाजलेला पोवाडा स्टालिनग्राडचा. डफावर थाप पडावी आणि व्होल्गेकाठची लढाई गिरणगावातल्या मैदानात उतरावी, असा त्याचा आवेश. पुढे बंगालच्या दुष्काळावर पोवाडा झाला, अमळनेरच्या हुतात्म्यांवर झाला. सगळीकडे समुदाय बोलतो. 'मी' म्हणणारा माणूस तिथे शोधून सापडत नाही.

तो सापडतो 'मैने'त. पोटासाठी मुंबईला निघालेला एक गडी, आणि गावात मागे राहिलेली त्याची बायको. तिचे रूप, तिचा साज, निघतेवेळची ताटातूट, आणि मग मुंबईची बेकारी. आवाज एकदम खाली आलेला. घाटावरच्या आणि कोकणातल्या हजारो घरांची हीच कहाणी होती. पुरुष खोलीत दाटीवाटीने राहून खानावळीत जेवायचा. बाई गावी शेत आणि म्हातारी माणसे सांभाळीत मनिऑर्डरची वाट पाहायची.

छक्कडीच्या शेवटी हा विरह बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावाकडे वळतो. प्रथम मला हा सांधा ओढूनताणून जोडल्यासारखा वाटला. दोनचार वेळा ऐकल्यावर मत बदलले. सीमेचा प्रश्न नकाशावर ठेवून सभेत टाळ्या मिळतात. गिरणीतल्या गड्याच्या डोळ्यांत पाणी यायला मैनाच लागते. अमर शेखांच्या पहाडी आवाजाने ती महाराष्ट्रभर नेली.

स्टालिनग्राडची लढाई १९४३ साली संपली, पोवाडाही आता इतिहासाच्या पुस्तकात गेला. १९६० साली मुंबई मिळाली. पण बेळगाव-कारवार कर्नाटकात आणि डांग-उंबरगाव गुजरातेत गेले. मैना गावावरच राहिली. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले.

हो, त्या गृहस्थांचे सांगायचे राहिले. त्यांचे वडील परळच्या एका गिरणीत होते. वर्षाकाठी गणपतीला किंवा जत्रेला यायचे, तेवढेच. मी विचारले, "मग आईंना हे गाणं फार आवडत असेल?"

"छे हो," ते म्हणाले. "रेडिओवर लागलं की आई उठून परड्यात जायची. गाणं संपल्याशिवाय आत यायची नाही."