चित्रातील वनस्पती आणि हातातील द्रव्य
ग्रीक-रोमन तत्त्वज्ञान व चित्रकला यांनी द्रव्यपरिचयाला दिलेला धडा

काही वर्षांपूर्वी आमच्या औषधालयात कोष्ठाचे (कुष्ठ, उपलेट) एक पोते आले. बीजकावरील नाव बरोबर होते, वजन बरोबर होते, वरवर पाहता मुळांचा रंगही बरोबर होता. कुटण्याच्या कामावरील एका वयोवृद्ध मदतनीसाने मात्र दोन-चार तुकडे मोडून हुंगले, एक जिभेवर ठेवला आणि ‘हे सगळे एका जातीचे नाही’ असे शांतपणे सांगितले. पोते परत गेले. परंतु असा जाणता हात आड न आल्यामुळे यापूर्वी किती पोती खलबत्त्यात गेली असतील, हा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही.

पुढे वाचनाच्या ओघात ध्यानी आले की, ही तक्रार फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन साम्राज्यात होऊन गेलेल्या डायॉस्कोरिडीझ या ग्रीक वैद्याने भारतातून येणाऱ्या ‘कोस्टोस’विषयी लिहिताना हीच सूचना दिली आहे. हे ‘कोस्टोस’ म्हणजे आपले कुष्ठ. त्यात ‘हेलेनिऑन’ नावाच्या वनस्पतीची कठीण मुळे मिसळली जातात. ती जिभेला तिखट लागत नाहीत आणि त्यांचा गंधही उग्र नसतो, यावरून ती ओळखावीत, असे तो सांगतो. हेलेनिऑन ही वनस्पती अभ्यासक ‘इन्यूला’ या प्रजातीतील मानतात. आपले पुष्करमूळ याच प्रजातीतील आहे, आणि पुष्करमुळाच्या अभावी कुष्ठ घ्यावे असे भावप्रकाशात प्रतिनिधी द्रव्य सांगितलेले आहे. म्हणजे दोन सहस्र वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या काठी जी जोडी एकमेकींत मिसळत होती, तिचेच नातलग आजही आपल्या गोदामात शेजारी-शेजारी नांदत आहेत. त्या काळच्या तत्त्वज्ञांनी, वैद्यांनी आणि चित्रकारांनी या प्रश्नाला कसे तोंड दिले, हे प्रस्तुत लेखात पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

तत्त्वज्ञाची परीक्षा

पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्राचा आरंभ वैद्याच्या नव्हे, तर तत्त्वज्ञाच्या हातून झाला. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस (सुमारे इ. स. पू. ३७१ ते २८७) हा गुरूच्या पश्चात अथेन्स येथील विद्यापीठाचा प्रमुख झाला. त्याने वृक्ष, गुल्म, उपगुल्म आणि क्षुप असे वनस्पतींचे वर्गीकरण केले. सिकंदराच्या स्वारीबरोबर आलेल्या वृत्तांतांच्या आधारे त्याने आपल्या वटवृक्षाचे व त्याच्या पारंब्यांचेही वर्णन केले आहे.

वनस्पतींविषयीच्या त्याच्या मोठ्या ग्रंथाचा नववा भाग औषधी मुळे व निर्यास यांच्यासाठी आहे. मुळे खणून विकणाऱ्या लोकांचे नियम त्यात त्याने नोंदविले आहेत. काही मुळे काढताना अंगाला तेल लावावे व वाऱ्याचा रोख पाहून उभे राहावे, कारण एरवी अंग सुजते. हा नियम त्याला सयुक्तिक वाटतो. उलट अमुक मूळ रात्रीच खणावे, दिवसा सुतार पक्ष्याने पाहिल्यास खणणाऱ्याचे डोळे धोक्यात येतात, असल्या गोष्टींना तो निष्कारण जोडलेली पुस्ती समजतो. वनात राहणाऱ्यांचे सर्वच ज्ञान त्याने भाबडेपणाने स्वीकारले नाही आणि अडाणीपणा म्हणून सरसकट नाकारलेही नाही. गुराखी, मेंढपाळ व वनचर औषधी नामरूपाने जाणतात, परंतु योग जाणणारा तोच खरा जाणकार, या चरकाचार्यांच्या विवेचनाचे स्मरण येथे सुज्ञ वाचकांस झाल्यावाचून राहणार नाही.

चित्रकाराचे साहाय्य आणि त्याची मर्यादा

शब्दांनी वर्णन कितीही केले तरी मूळ वनस्पती वाचकाच्या डोळ्यांसमोर उभी राहीलच असे नाही. म्हणून इ. स. पू. पहिल्या शतकात, पाँटसचा राजा सहावा मिथ्रिडेटीस याच्या काळात, क्राटेउआस नामक वैद्याने वनस्पतींची रंगीत चित्रे काढून त्यांखाली गुणधर्म लिहिण्याची पद्धत अवलंबिली. ग्रीक कलेत निसर्गाचे हुबेहूब अनुकरण करण्याची जी ओढ होती, ती अशा रीतीने रुग्णसेवेच्या कामी आली.

परंतु रोमन ग्रंथकार प्लिनी (मृत्यू इ. स. ७९) याने या पद्धतीवर तीन आक्षेप घेतले, आणि ते तिन्ही आजही विचारणीय आहेत. पहिला असा की, रंगांच्या अनेक छटांमुळे चित्र फसवे ठरते. दुसरा, नकलेवरून नक्कल होताना लेखनिकांच्या हातून मूळ रूप बिघडत जाते. तिसरा आक्षेप सर्वांत मार्मिक : वनस्पती चार ऋतूंत आपले रूप पालटते, तेव्हा तिची एकच अवस्था रंगविणे पुरेसे नाही.

डायॉस्कोरिडीझचा दंडक

डायॉस्कोरिडीझ हा आजच्या दक्षिण तुर्कस्तानातील अनाझार्बस या गावचा. त्याच्या पाच भागांच्या द्रव्यगुणग्रंथात वनस्पती, प्राणिज व खनिज मिळून सुमारे एक सहस्र औषधांचा परामर्श आहे. त्याच्या प्रस्तावनेतील दंडक असा : ज्याला औषधी जाणावयाच्या आहेत त्याने त्या अंकुरताना, भरात असताना आणि सुकताना अशा तिन्ही काळी स्वतः पाहाव्यात. ज्याने केवळ अंकुर पाहिला त्याला वाढलेले झाड ओळखता येणार नाही, आणि ज्याने वाढलेले झाड पाहिले त्याला अंकुर ओळखता येणार नाही.

औषधनिर्मात्यांसाठीही त्याच्याकडे सूचना आहेत. फुले व सुगंधी द्रव्ये कोरड्या लाकडी पेट्यांत, द्रव औषधे काच, चांदी किंवा शिंगाच्या पात्रांत, वसा व मज्जा कथलाच्या पात्रांत ठेवाव्यात, असे तो म्हणतो. सिरका घालून केलेल्या औषधांसाठी तो तांब्याचे पात्र सुचवितो. अम्ल द्रव्य ताम्रपात्रात ठेवणे आपल्या शास्त्राला संमत नाही, त्यामुळे या सूचनेचे अनुकरण करू नये. तथापि द्रव्य आणि पात्र यांच्या संबंधाचा विचार त्याने केला, हे महत्त्वाचे. धूपात राळ मिसळली असेल तर ती धुरात निघून जाते, डिंक असेल तर तो ज्वाला धरत नाही, अशी साधी अग्निपरीक्षाही त्याने दिली आहे.

एक ग्रंथ, एक चित्र

या ग्रंथाची सर्वांत प्रसिद्ध सचित्र प्रत इ. स. ५१२ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथे आनिकिया युलियाना या राजकुलातील स्त्रीसाठी तयार झाली. तिने मंदिर, म्हणजे चर्च, बांधून दिल्याबद्दल तेथील नागरिकांनी ती कृतज्ञतेने अर्पण केली. चर्मपत्रावरील या प्रतीत साडेतीनशेहून अधिक वनस्पतिचित्रे आहेत. काही इतकी जिवंत आहेत की पाने खुडावीत असे वाटते. काही मात्र नकलेवरून नक्कल झाल्याने निर्जीव झाली आहेत. प्लिनीचा आक्षेप एकाच ग्रंथात असा सिद्ध झालेला दिसतो. शिवाय ग्रंथकाराने वर्णानुक्रम जाणूनबुजून नाकारला होता, कारण त्यामुळे समान गुणांची द्रव्ये एकमेकांपासून दूर पडतात. नंतरच्यांनी सोयीसाठी तोच क्रम लावला आणि विचार निसटला.

या प्रतीच्या आरंभी युलियाना औदार्य आणि विवेक यांच्या स्त्रीमूर्तींच्या मध्ये बसलेली दाखविली आहे. हे दोन्ही ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रातील गुण होत. त्याहून बोलके असे आणखी एक चित्र या प्रतीत आहे. मध्यभागी ‘एपिनोइआ’, म्हणजे विचारशक्ती, स्त्रीरूपाने उभी असून तिच्या हाती मँड्रेकचे मूळ आहे. एका बाजूस चित्रकार ते पाहून रंगवितो आहे आणि दुसऱ्या बाजूस डायॉस्कोरिडीझ लिहितो आहे. लेखणी आणि कुंचला या दोहोंच्या मध्ये प्रत्यक्ष द्रव्य आहे, आणि ते द्रव्य विचाराच्या हातात आहे. द्रव्यपरिचयाची याहून नेमकी व्याख्या आमच्या पाहण्यात नाही.

ही प्रत शोभेची वस्तू म्हणून राहिली नाही. कॉन्स्टँटिनोपलमध्ये ती शतकानुशतके वापरात होती. १४०६ साली तिची डागडुजी झाली. पुढील वापरणाऱ्यांनी तिच्या पानांवर अरबी, तुर्की व हिब्रू नावे लिहिली. १५६९ मध्ये ती सम्राट दुसरा मॅक्सिमिलियन याच्या संग्रहात आली. आज ती व्हिएन्ना येथील ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

आपण काय घ्यावे?

याच परंपरेत वाढलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता सोळाव्या शतकात गोव्यात येऊन राहिला. अहमदनगरच्या निजामशाही दरबाराशीही त्याचा संबंध होता. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने ग्रीक ग्रंथकारांविषयी आदर राखूनही, भारतीय द्रव्ये स्वतः पाहिल्याच्या बळावर त्यांच्या चुका दाखविल्या. डायॉस्कोरिडीझचा दंडक डायॉस्कोरिडीझलाच लावण्याचे धैर्य त्याने दाखविले.

आज आपल्यापाशी सूक्ष्मदर्शक आहे, रासायनिक कसोट्या आहेत, भ्रमणध्वनीवर छायाचित्रावरून वनस्पतीचे नाव सांगणारी साधनेही आहेत. त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु भ्रमणध्वनीवरील छायाचित्रही एकाच ऋतूचे असते, आणि पोत्यातील वाळलेल्या मुळाला पान-फूल नसते. म्हणून प्रत्येक औषधालयात खात्रीच्या द्रव्यांचे नमुने काचेच्या बरण्यांत असावेत व दरवर्षी पालटावेत. संदिग्ध द्रव्यांची झाडे वैद्यांनी निदान दोन ऋतूंत पाहावीत. आणि ज्यांच्या नाका-जिभेला द्रव्य कळते त्या वृद्ध मदतनीसांच्या जवळ तरुणांना बसवावे, त्यांच्या खुणा लिहून घ्याव्यात.

आमचा तो मदतनीस आज हयात नाही. तो असताना आम्ही त्याच्या खुणा लिहून घेतल्या नाहीत, ही खंत आहे. कोष्ठाचे पोते येते तेव्हा आता आम्हीच तुकडा मोडतो, हुंगतो, जिभेवर ठेवतो. कारण बीजकावरील नाव चुकले तर हिशेबात दुरुस्ती करता येते, द्रव्य चुकले तर त्याचा हिशेब रुग्णाला चुकवावा लागतो.

इत्यलम्.