सोलर नंतर, आधी पत्रा : वाचनालय हिरवं कसं होतं

ज्यांना इयरफोन लावून ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलण्यातले ‘म्हणजे कसंय ना’ बरेच उडवलेत, थोडे राहिलेत. सांभाळून घ्या.

मागच्या भागानंतर एकाने मेसेज टाकला, ‘दादा, हरित ग्रंथालय म्हणजे नेमकं काय? छपरावर सोलर बसवलं की झालं का?’ प्रश्न बरोबर आहे. पण उत्तर द्यायचं तर आधी तुम्हाला आमच्या सुलतानपुरात एप्रिलच्या दुपारी आणावं लागेल.

आपल्याकडे गावातलं वाचनालय म्हणजे बहुतेक वेळा एक खोली, वर पत्रे, आत तीन-चार लोखंडी कपाटं, पेपरचं टेबल आणि पोलीस भरती नाहीतर एमपीएससीची तयारी करणारी पोरं-पोरी. मीही अशाच खोलीत बसायचो. सकाळी अकरापर्यंत ठीक. बारा वाजले की पत्रा असा तापतो की पंखा गरम वाराच खाली ढकलतो. एकेक जण उठतो. ज्याच्याकडे पैसे आहेत तो मेहकरला, बुलढाण्याला किंवा संभाजीनगरला एसीवाल्या अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून बसतो. ज्याच्याकडे नाहीत तो घरी जातो, आणि घरात तर अभ्यास होत नाही हे तुम्हाला मी काय सांगू!

आता हिशोब बघा. सार्वजनिक खोलीत वीस जण सहा पंख्यांत बसणार होते. ती खोली तापली म्हणून त्यातले काही एसीत गेले, काही गाडीला किक मारून दुसऱ्या गावाला गेले, उरलेल्यांनी घरोघरी वेगवेगळे पंखे लावले. म्हणजे बंद पडलेलं वाचनालय वीज वाचवत नाही, उलट वाढवतं. माझ्या मते हिरवं वाचनालय म्हणजे आधी मे महिन्यातल्या दुपारी उघडं राहू शकणारं वाचनालय. बाकी सगळं नंतर.

तसं पाहिलं तर वाचनालयाचा धंदाच मुळात पर्यावरणाचा आहे. स्पर्धा परीक्षेचं एक जाडजूड पुस्तक चाळीस जणांनी वाचलं तर एकोणचाळीस पुस्तकांचा कागद, शाई आणि वाहतूक वाचली. हे कुणी मोजत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली अ, ब, क, ड असे दर्जे मिळतात, आणि दर्जा ठरवताना पुस्तकं किती, नियतकालिकं किती, सभासद किती हे बघतात. खोलीत दुपारी माणूस बसू शकतो का, हाही रकाना हवा होता असं मला नेहमी वाटतं.

बरं, पत्रा थंड कसा करायचा? लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात भर उन्हाळ्यात गेलाय का कधी? बाहेर पाय भाजतात, आत गारवा. जाड दगड ऊन दिवसभर अडवून धरतो, आत पोचू देत नाही. पत्र्याकडे ती जाडी नाही, म्हणून त्याने ऊन आत घेण्याआधीच परत पाठवलं पाहिजे. हे काम पांढरा रंग करतो. स्लॅब असेल तर चुना, त्यात चिकटपणासाठी डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळतात. पत्र्यावर चुना फार टिकत नाही, तिथे ऊन परतवणारा पांढरा पेंट लागतो. अहमदाबाद महापालिकेने २०१७ पासून गरीब वस्त्यांमधल्या छपरांवर हेच सुरू केलं. साधी गोष्ट आहे, पण धूळ बसली की गुण कमी होतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी छत धुवावं लागतं. ते कोण धुणार, हा खरा प्रश्न! पत्र्याखाली बांबूच्या चटयांचं किंवा थर्माकोलचं छत केलं तर आणखी फरक पडतो. आणि पश्चिमेच्या भिंतीला कडुनिंब. तो आज लावला तर तुमच्या धाकट्या भावाच्या बॅचला सावली देईल, तुम्हाला नाही.

कूलरचं काय? आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलर मस्त चालतो आणि एसीपेक्षा वीज कितीतरी कमी खातो. पण मोठा कूलर दिवसभरात पन्नास-साठ लिटर पाणी सहज पितो. राजेहो, गावात टँकरची वाट बघणारी बाई तो कूलर बघून काय म्हणेल? म्हणून म्हणतो, आधी पत्रा रंगवा, मग दुपारच्या तीन-चार तासांपुरता कूलर लावा, आणि पावसाळ्यात त्याच पत्र्याचं पाणी पन्हाळीने टाकीत घ्या.

आता सोलर. हा भाग जरा आकड्यांचा आहे, झोपू नका. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. असे सहा पंखे दहा तास चालले तर साध्या पंख्यांना साडेचार युनिट लागतात, नव्यांना एक पूर्णांक आठ. जुनी ट्यूब चोकसकट ५० वॅट धरा, एलईडी २०. सहा ट्यूब पाच तास म्हणजे दीड युनिट, एलईडीत शून्य पूर्णांक सहा. बेरीज करा. आधी रोज सहा युनिट लागत होते, आता दोन पूर्णांक चार. एक किलोवॉटचं पॅनेल आपल्याकडे दिवसाला साधारण चार युनिट देतं. म्हणजे जुन्या पंख्यांसाठी दीड किलोवॉट लागलं असतं, नव्यांसाठी अर्ध्याहून थोडंसं जास्त. म्हणून सोलर नंतर! पंखे बदलण्याआधी पॅनेल बसवणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं. आणि एक लक्षात ठेवा, पीएम सूर्यघरचं अनुदान घरांसाठी आहे, वाचनालयाला ते धरून चालता येत नाही. वर्गणी किंवा कुणाची देणगी शोधावी लागेल.

उजेडाचं म्हणाल तर तो फुकट मिळतो, फक्त वाट मोकळी हवी. बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या फरशा आहेत, वरचा उजेड झिरपत खालच्या मजल्यापर्यंत येतो. ही इमारत १९३१ च्या सुमाराची. आपल्याकडे मात्र खिडकीसमोरच कपाट उभं असतं आणि मग दिवसा ट्यूब लावतात. कपाट सरकवायला पैसे लागत नाहीत.

त्याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभी केली. त्यात पुस्तकांच्या फिरत्या पेट्या होत्या. पेटी एका गावाला जायची, वाचून झाली की पुढच्या. आता सांगा, सुलतानपूर, बीबी, लोणार, मेहकर या चार ठिकाणी भूगोलाचं तेच महागडं पुस्तक चार वेळा का घ्यायचं? आपसांत पेटी फिरवायची. एसटी रोज जातेच आहे.

एक वाईट अनुभव सांगतो. एका वाचनालयात, नाव सोडा, कपाट भिंतीला चिकटवून ठेवलं होतं. पावसाळ्यात भिंतीला ओल आली, मागून वाळवी चढली. दिवाळीत दार उघडलं तर पुस्तकांच्या पाठी जागेवर आणि आतून माती. कादंबऱ्यांचं दुःख नाही म्हणत, पण त्यात गावाच्या जुन्या यात्रेच्या पत्रिका, हाताने लिहिलेल्या वह्या होत्या. त्या पुन्हा विकत कुठे मिळणार? कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि विटांवर उचललेलं असतं तर निदान वाळवीची मातीची वाट वेळेत दिसली असती.

त्यानंतर सगळ्यांनी डांबरगोळ्या टाकल्या. त्याचा वास खोलीत बसणाऱ्यांच्या छातीत जातो. नॅप्थलीन माणसाला कर्करोग करू शकणाऱ्या संशयितांच्या यादीत आहे, दिवसभर बसायच्या खोलीत ते नकोच. जुने लोक काय करायचे? तंजावरच्या सरस्वती महालात, जिथे आपल्या भोसल्यांचं राज्य होतं आणि दुसऱ्या सरफोजी राजांनी संग्रह वाढवला, तिथे वेखंड, लवंग, दालचिनी, मिरी, काळं जिरं, कापूर यांची भुकटी पुरचुंडीत बांधून पोथ्यांशेजारी ठेवायची रीत आहे. आपल्या खोलीला सुकवलेला कडुनिंबाचा पाला चालेल. पण पूर्ण सुकवलेला! ओला टाकला तर आपणच बुरशीला आमंत्रण दिलं. आणि कुठलीही पुरचुंडी महिन्यातून एकदा कपाट उघडून झटकण्याची जागा घेत नाही.

‘मग नवीन पर्यावरणपूरक इमारतच बांधू ना?’ असंही कुणी म्हणेल. चेन्नईचं अण्णा शताब्दी ग्रंथालय (२०१०) हरित इमारतीचं प्रमाणपत्र मिळालेलं आहे, भव्य आहे, जरूर बघा. पण सिमेंट बनवतानाच जगातल्या कार्बन डायऑक्साइडचा सात-आठ टक्के वाटा बाहेर पडतो. साताऱ्याच्या भिलारने ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव सुरू केलं तेव्हा पुस्तकं ठेवली ती लोकांच्या घरांत, देवळांत, शाळेत, पंचवीस ठिकाणी. मला चेन्नईपेक्षा भिलार आपल्या जवळचं वाटतं. गावात बंद पडलेली शाळेची खोली असेल तर पहिलं तिकडे बघा.

शेवटी तुमच्या हातातला फोन. पीडीएफ वाचली म्हणजे झाड वाचलं, असं सरळ नसतं. फोनचं बहुतांश प्रदूषण तो बनतानाच होऊन गेलेलं असतं. तोच फोन चार-पाच वर्षं वापरून त्यावर मराठी विश्वकोश वाचला तर छान. पीडीएफसाठी दर वर्षी नवा फोन घेतला तर हिशोब उलटा.

आमच्याकडे पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत, पत्रा धुवून पांढरा करायचं ठरलंय. आधी आणि नंतर दुपारी दोनला खोलीत थर्मामीटर लावणार. जो आकडा येईल तो पुढच्या भागात सांगतो, कमी झाला नाही तरी सांगतो. तुमच्या अभ्यासिकेत दुपारी दोनला किती असतं, तेवढं मोजून पाठवा.