झेल सुटतो, तेव्हा वय बघा

संध्याकाळी नरडाण्यात, नाहीतर खानदेशातल्या कुठल्याही गावात, गल्लीतलं क्रिकेट रंगात आलं की धाकट्या भावंडालाही फिल्डिंगला उभं करतात. त्या चार वर्षांच्या पोराकडे नीट बघा. चेंडू येताना दिसला की दोन्ही हात ताठ पुढे, मान एका बाजूला आणि डोळे गच्च मिटलेले. चेंडू छातीवर आपटून खाली पडतो. मोठी पोरं ओरडतात, "सोडला रे!" पण यात त्याची चूक नाही. झेल हा वयाबरोबर येतो.

अंदाज बांधायला मूल फार लवकर शिकतं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ क्लेस फॉन हॉफस्टेन यांनी दाखवलं, की पाचेक महिन्यांचं बाळसुद्धा सरकत्या वस्तूला धरताना ती पुढे जिथे पोचणार, तिथे हात नेतं. हवेतल्या चेंडूचं गणित मात्र अवघड. पाच मीटरवरून सेकंदाला दहा मीटर वेगाने फेकलेला चेंडू अर्ध्या सेकंदात अंगावर येतो. त्यातला पाव सेकंद तर डोळ्यांनी पाहून हात हलायलाच लागतो. बोटं जरा उशिरा मिटली की चेंडू तळव्यावर आदळून उडालाच.

म्हणून पायऱ्या ठरलेल्या. दोन वर्षांचं मूल घरंगळत आलेला चेंडू अडवतं. तीन-चार वर्षांचं तो कवेत घ्यायला बघतं. पाच-सहाव्या वर्षी छातीशी कवटाळतं. सात-आठव्या वर्षी नुसत्या पंजांत पकडू लागतं. धावत जाऊन लहान चेंडू झेलणं नऊ-दहाच्या पुढे जमतं. वर्षभर मागेपुढे होणारच.

पण नुसतं वय पुरत नाही, सरावही लागतो. भारताचे क्रिकेटपटू एकनाथ सोलकर यांनी 27 कसोटींत 53 झेल घेतले. त्यांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची देखभाल करायचे, त्यामुळे मैदान लहानपणापासून त्यांच्या वाट्याला आलं. गावातल्या किती मुलींच्या वाट्याला ते येतं?

सरावाच्या सुरुवातीला चिंध्यांचा मोठा, मऊ चेंडू उत्तम. तो लागत नाही, म्हणून भीती जाते आणि डोळे उघडे राहतात. दोन पावलांवरून, खालून, हळू टाका. जमलं की एक पाऊल मागे सरका. आणि झेल सुटला तर ओरडू नका. मुलगा असो वा मुलगी, पुन्हा चेंडू टाका.